उंबरठ्याची भाषा

जपानमध्ये घराच्या, शाळेच्या किंवा जुन्या सभागृहाच्या दारातून आत शिरलं की आधी लागतो तो ‘गेन्कान’. फरशीचा छोटा चौकोन आणि त्याच्यापुढे वीतभर वर चढलेली जमीन. बाहेरचे बूट त्या चौकोनातच उतरवायचे, टोकं दाराकडे करून नीट लावायचे आणि मगच वर पाऊल टाकायचं. मराठी माणसाला यात नवीन काही नाही, चपला दाराशी काढतच तो लहानाचा मोठा झालेला असतो. तरीही एखाद्या सार्वजनिक इमारतीत तो बुटांसकट आत चालत जातो, कारण भिंतीवर लिहिलेलं त्याला वाचता येत नाही. तिथे चार चिनी अक्षरं असतात: ‘दोसोकु गेन्किन’. मातीचे पाय आणण्यास सक्त मनाई.

अलीकडे काही ठिकाणी हीच पाटी वेगळ्या शब्दांत दिसते. ‘कुत्सु ओ नुइदे कुदासाइ.’ कृपया बूट काढा. अक्षरं हिरागाना लिपीतली, साधी, गोलसर, जपानी मुलं शाळेत पहिल्यांदा शिकतात ती. पहिली पाटी वाचायला काही वर्षांचा अभ्यास लागतो, दुसरी दोन-तीन महिन्यांच्या शिकवणीवर वाचता येते. जपानमध्ये राहायला आलेल्या परदेशी माणसाचे दिवस सुखाचे जाणार की धडपडीचे, हे पुष्कळदा समोरची पाटी यातल्या कोणत्या प्रकारची आहे यावर ठरतं.

अशा माणसांची संख्या आता थोडीथोडकी नाही. २०२४ च्या अखेरीस जपानमध्ये सुमारे ३७ लाख ७० हजार परदेशी नागरिक राहत होते, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या साधारण तीन टक्के. सर्वांत जास्त चिनी, त्यांच्यामागे व्हिएतनामी, कोरियन, फिलिपिनो, नेपाळी आणि ब्राझिलियन. भारतीय या रांगेत बरेच मागे आहेत, पण त्यांनीही पन्नास हजारांचा आकडा ओलांडला आहे. लोकसंख्या घटत चाललेल्या या देशाला कारखान्यांत, शेतांत, वृद्धाश्रमांत आणि संगणक कंपन्यांत माणसं हवी आहेत. एप्रिल २०१९ मध्ये सरकारने ‘विशिष्ट कौशल्य’ नावाचा नवा व्हिसा सुरू केला तो त्यासाठीच.

विमानतळावर उतरलेल्या माणसाच्या हाती पडतं ते ‘झाइर्यु कार्ड’, म्हणजे निवासपत्र. वयाची सोळा वर्षं पूर्ण केलेल्या परदेशी माणसाने ते सतत जवळ बाळगावं असा कायदा आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला जातानाही. राहायला जागा मिळाली की चौदा दिवसांच्या आत ‘कुयाकुशो’त, म्हणजे प्रभाग कार्यालयात, जाऊन पत्ता नोंदवायचा. मग राष्ट्रीय आरोग्य विमा, निवृत्तिवेतन, बारा आकड्यांचा ‘माय नंबर’, बँकेचं खातं. प्रत्येक टेबलावर अर्ज आणि अर्जावर नावासाठी छोटे छोटे चौकोन.

या चौकोनांपाशी मराठी माणूस अडखळतो. त्याच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि निवासपत्रावर ते जसंच्या तसं उतरतं. जपानमध्ये मधलं नाव नसतं. आडनाव दोन-तीन अक्षरांचं, नाव तेवढंच. अर्जाचे रकानेही त्याच मापाचे. मग बँकेत एक नाव, विमापत्रावर दुसरं आणि दवाखान्यात पुकारा होताना वडिलांच्या नावाने हाक, असे प्रकार घडतात. परकी नावं लिहायची कातकाना लिपी स्वतःचेही बदल करते. जपानीत ‘ल’ आणि ‘ळ’ नाहीत, दोन्हींचा ‘र’ होतो. लेले ‘रेरे’ होतात, काळे ‘कारे’ होतात आणि कुलकर्णी ‘कुरुकारुनी’. थोड्या दिवसांनी माणूस त्या नावालाही ओ देऊ लागतो.

घर मिळवणं हा यापेक्षा अवघड भाग. भाड्याच्या घरासाठी ‘शिकिकिन’ म्हणजे अनामत द्यावी लागते. शिवाय ‘रेइकिन’, म्हणजे घरमालकाला आभारादाखल द्यायची आणि कधीच परत न मिळणारी रक्कम. त्यात दलाली आणि जामीन कंपनीची फी मिळवली की आत पाऊल टाकण्याआधीच चार ते पाच महिन्यांच्या भाड्याइतका खर्च होऊन बसतो. पैसे तयार असले तरी घर मिळेलच असं नाही. न्याय मंत्रालयाने २०१६ च्या अखेरीस परदेशी रहिवाशांची मोठी पाहणी केली. आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांनी केवळ परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं. जपानी जामीन नाही म्हणून नकार मिळालेले सुमारे ४१ टक्के होते.

तोक्योच्या पूर्व टोकाला एदोगावा प्रभागातल्या निशि-कासाइ भागात भारतीयांची जी वस्ती उभी राहिली, तिच्यामागे हाच प्रश्न आहे. कोलकात्याहून आलेले चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून इथे राहत होते. २००० च्या सुमारास संगणकप्रणालींच्या कामासाठी भारतातून अभियंते येऊ लागले. त्यांना घरं मिळेनात, तेव्हा चंद्राणींनी घरमालकांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. जवळच ‘यूआर’ या निमसरकारी संस्थेच्या मोठ्या वसाहती होत्या. तिथे रेइकिन नाही, दलाली नाही आणि जामीनही लागत नाही. तोझाइ रेल्वेने नोकरीच्या भागात थेट जाता येतं. एक कुटुंब आलं, त्याच्या ओळखीने दुसरं आलं. डाळी-मसाल्यांची दुकानं निघाली आणि २००४ पासून या बाजूच्या तोक्योत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळाही सुरू झाल्या. आज तोक्योतली भारतीयांची सर्वांत मोठी वस्ती एदोगावात आहे. संध्याकाळी तिथल्या बागेत मुलांना हाका मारणाऱ्या आया हिंदी, तमिळ, तेलुगू आणि मराठीतही बोलताना ऐकू येतात.

घर मिळालं, सामान लागलं, की शेजाऱ्यांच्या दारावर जाऊन ओळख करून द्यायची पद्धत आहे. सोबत एखादा छोटा टॉवेल किंवा गोडाचा पुडा. पण नव्या माणसाची खरी ओळख शेजाऱ्यांना पटते ती कचऱ्यावरून.

‘मोएरु गोमि’ म्हणजे जळणारा कचरा, ‘मोएनाइ गोमि’ म्हणजे न जळणारा. शिवाय पुनर्वापराचे कागद, बाटल्या, डबे. प्रत्येकाचा वार ठरलेला आणि सकाळी आठच्या आत तो ठरल्या जागीच ठेवायचा. कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून त्यांवर जाळी ओढायची. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण आणि वरचा कागद काढून ती धुवायची. दुधाचं खोकं धुऊन, कापून, सपाट करून वाळवायचं. तोक्योच्या प्रभागांत तीस सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू, मग ती खुर्ची असो वा गादी, ‘सोदाइ गोमि’ ठरते. तिच्यासाठी आधी नोंदणी करायची, दुकानातून पैसे देऊन चिकटपट्टी आणायची आणि ठरल्या दिवशी ती लावून वस्तू बाहेर ठेवायची. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी गाडी उचलत नाही. तिच्यावर कारण लिहिलेला कागद चिकटवून ती तिथेच सोडून देतात आणि दिवसभर येणारे-जाणारे ती पाहतात. शिकोकु बेटावरच्या कामिकात्सु या जेमतेम चौदाशे वस्तीच्या गावात तर कचरा चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा केला जातो.

मराठी घरात दिवाळीच्या फराळानंतर उरलेल्या तेलाचं काय करायचं, याचंही उत्तर जपानने शोधून ठेवलं आहे. तळणाचं तेल मोरीत ओतायचं नाही. दुकानात मिळणारी भुकटी गरम तेलात ढवळून मिसळायची. गार होता होता तेल थिजतं आणि वडीसारखं घट्ट होऊन कढईतून अख्खं सुटून येतं. ते कागदात गुंडाळून जळणाऱ्या कचऱ्यात टाकायचं. पहिल्यांदा हे पाहणारी गृहिणी थक्क होते आणि दुसऱ्या वर्षी नव्याने आलेल्या शेजारणीला तीच शिकवते.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाची अडचण वेगळी असते. मांस दिसतं, त्यामुळे टाळता येतं. ‘दाशि’ दिसत नाही. सुकवलेल्या बोनितो माशाच्या कीसापासून आणि समुद्री शेवाळापासून काढलेलं हे पाणी मिसो सूपपासून नूडल्सच्या रश्श्यापर्यंत सगळीकडे असतं आणि ते घातलेल्या पदार्थाला जपानी माणूस मासळीचा पदार्थ समजत नाही. म्हणून ‘यात मांस आहे का’ हा प्रश्न पुरत नाही. मांस, डुक्कर, गाय, कोंबडी, मासा अशी पाच-सहा चिनी अक्षरं पाठ करून पाकिटांच्या मागची बारीक छपाई वाचायला शिकावंच लागतं. भेंडी मात्र सहज सापडते. तिला जपानीत ‘ओकुरा’ म्हणतात.

आजारपणात भाषेची कसोटी लागते. विम्यामुळे खर्चाची धास्ती कमी असते. सत्तर टक्के रक्कम विमा भरतो आणि तीस टक्के रुग्ण. पण दवाखान्यात शिरताच हाती येतो तो ‘मोन्शिन्ह्यो’, प्रश्नांनी भरलेला कागद. कुठे दुखतंय हे बोटाने दाखवता येतं. कसं दुखतंय हे बोटाने दाखवता येत नाही. जपानी माणसं दुखण्याचं वर्णन नादाच्या शब्दांनी करतात. ‘झुकिझुकि’ म्हणजे ठणका, ‘चिकुचिकु’ म्हणजे टोचल्यासारखं, ‘हिरिहिरि’ म्हणजे चुरचुर, ‘मुकामुका’ म्हणजे मळमळ, ‘दोकिदोकि’ म्हणजे छातीतली धडधड. अमेरिकन किंवा युरोपीय विद्यार्थ्याला हे शब्द एकेक करून घोकावे लागतात. मराठी माणसाला त्यांचं मर्म चटकन कळतं, कारण त्याच्या घरीही डोकं ठणठणतं, जखम चुरचुरते आणि पोटात ढवळतं. वाक्याची बांधणीही आपल्यासारखी, कर्ता आधी आणि क्रियापद शेवटी. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा अनेक दशकांची आहे, आणि मराठी विद्यार्थी पहिले टप्पे भराभर चढतात त्यात या साम्याचा मोठा वाटा आहे. दमछाक होते ती पुढे, दोन हजारांहून अधिक चिनी अक्षरांच्या चढणीवर.

मुलं शाळेत जाऊ लागली की ही चढण रोज संध्याकाळी दप्तरातून घरी येते. सरकारी शाळेत परदेशी मुलांनाही शिक्षण मोफत आहे. मुलं स्वतः वर्ग झाडतात, पुसतात, पांढरे अ‍ॅप्रन आणि टोप्या घालून एकमेकांना जेवण वाढतात आणि काही महिन्यांत आईबापांपेक्षा चांगलं जपानी बोलू लागतात. मागे पडतात ते आईबाप. शाळेतून रोज ‘पुरिन्तो’ म्हणजे छापील कागद येतात. उद्या पोहण्याचा तास आहे, सकाळी ताप मोजून लिहून पाठवा. पुढच्या आठवड्यात दोन ‘झोकिन’ आणा, म्हणजे लादी पुसायची शिवलेली फडकी. भूकंपात डोक्यावर घ्यायची कापसाची टोपी आणा, एरवी ती खुर्चीवर गादी म्हणून वापरली जाते. एक कागद वाचायचा राहिला की दुसऱ्या दिवशी वर्गात एकाच मुलाकडे फडकं नसतं, आणि ते मूल त्या दिवशी गप्प गप्प घरी येतं.

त्याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा परदेशी मुलांना लागू होत नाही. पालकांनी अर्ज केला तर शाळा दार उघडते. अर्ज केला नाही तर विचारायला येण्याचं बंधन कोणावर नाही. शिक्षण मंत्रालयाने २०१९ मध्ये पहिल्यांदाच देशभर मोजणी केली, तेव्हा सुमारे वीस हजार परदेशी मुलं शाळेबाहेर असावीत किंवा त्यांचा ठावठिकाणा लागत नाही असं आढळलं. त्यांच्या आईबापांच्या हातातही कधीतरी प्रवेशाचं पत्र पडलं असेल, पण ते कोणत्या भाषेत होतं हा प्रश्न उरतोच.

सोप्या जपानीची चळवळ एका आपत्तीतून सुरू झाली. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे शहर आणि आसपासचा भाग भूकंपाने हादरला. ६,४३४ माणसं गेली. कोबे हे जुनं बंदर, तिथे चिनी, कोरियन आणि भारतीयांच्या जुन्या वस्त्या, शिवाय व्हिएतनामीही. मृत आणि जखमींचं प्रमाण जपानी लोकांपेक्षा परदेशी लोकांत जास्त होतं. ‘योशिन’ म्हणजे नंतरचे धक्के, ‘हिनान’ म्हणजे सुरक्षित जागी जाणं, ‘ताकिदाशि’ म्हणजे मोफत अन्नवाटप. रेडिओवर आणि फलकांवर हे शब्द सतत होते. परदेशी माणसं रोजच्या व्यवहारापुरतं जपानी बोलत होती, पण हे शब्द त्यांच्या ओळखीचे नव्हते. अन्न कुठे मिळतंय हे शेजारच्या भिंतीवर लिहिलेलं असलं तरी ते त्यांना कळत नव्हतं.

इतक्या साऱ्या भाषांत तातडीने भाषांतर करणं कोणालाच शक्य नव्हतं. उत्तर जपानमधल्या हिरोसाकि विद्यापीठातले भाषाअभ्यासक सातो काझुयुकि आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वेगळा उपाय मांडला: जपानीच सोपी करा. नवख्या माणसाला येणारे सुमारे दोन हजार शब्द घ्या, वाक्यं छोटी ठेवा, चिनी अक्षरांवर उच्चार लिहा. मग ‘योशिन’ होतं ‘मागून येणारा भूकंप’ आणि ‘ताकिदाशि’ होतं ‘गरम जेवण तयार करून वाटणं’. या पद्धतीला नाव मिळालं ‘यासाशि निहोंगो’. ‘यासाशि’ या उच्चाराचे जपानीत दोन अर्थ आहेत, सोपा आणि मायाळू.

२०११ च्या ११ मार्चच्या त्सुनामीनंतर या कामाला वेग आला. २०१२ मध्ये एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने सोप्या जपानीत बातम्या द्यायला सुरुवात केली. २२ नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे फुकुशिमाजवळ भूकंप होऊन त्सुनामीचा इशारा निघाला, तेव्हा तिच्या पडद्यावर ठळक हिरागानात ‘सुगु निगेते!’ असं झळकलं. लगेच पळा! ‘हिनान’ नाही, ‘सक्त सूचना’ नाही. २०२० मध्ये सरकारने सगळ्या कार्यालयांसाठी सोप्या जपानीची मार्गदर्शिका काढली. परदेशी लोकांसाठी सुरू झालेल्या या भाषेचा उपयोग लहान मुलांना, वृद्धांना आणि ऐकू न येणाऱ्यांनाही होऊ लागला.

एदोगावा प्रभागाने मे २०१९ मध्ये पुराचा नकाशा छापला तो याच निर्भीड साधेपणाने. प्रभागाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. मोठा पूर आला तर कुठे जायचं, हे सांगताना प्रभागाने स्वतःच्याच नकाशावर लिहिलं, ‘इथे थांबू नका’. त्यावर टीकाही झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हागिबिस वादळ आलं तेव्हा प्रभागातले सुमारे ३५ हजार लोक निवारा केंद्रांत गेले.

भाषा सोपी झाली तरी काही दारं उघडत नाहीत. होक्काइदो बेटावरच्या ओतारु शहरात एका सार्वजनिक स्नानगृहाने परदेशी लोकांना प्रवेशबंदी केली होती. अमेरिकेत जन्मलेले देबितो आरुदोउ जपानी नागरिकत्व घेऊन पुन्हा तिथे गेले, तरी चेहऱ्यावरून त्यांना परत पाठवण्यात आलं. २००२ मध्ये साप्पोरोच्या न्यायालयाने हा भेदभाव ठरवून भरपाई द्यायला लावली. पण असा भेदभाव सरसकट बेकायदा ठरवणारा राष्ट्रीय कायदा अजून झालेला नाही. २०१६ च्या द्वेषपूर्ण भाषणाविरोधी कायद्यात शिक्षेची तरतूद नाही. कावासाकि शहराने २०१९ मध्ये स्वतःचा नियम करून पाच लाख येनपर्यंतचा दंड ठेवला, तो देशातला पहिला. कायमस्वरूपी राहणाऱ्या परदेशी माणसालाही महापालिकेसाठी मत देता येत नाही, तो कर मात्र इतरांइतकाच भरतो.

मत द्यायचं किंवा निवडून यायचं तर नागरिकत्व घ्यावं लागतं आणि आधीचं सोडावं लागतं. महाराष्ट्रात वाढलेले योगेंद्र पुराणिक यांनी २०१२ मध्ये ते केलं. एप्रिल २०१९ मध्ये ते एदोगावाच्या प्रभाग सभेवर निवडून आले. जपानमध्ये निवडून आलेले ते पहिले भारतीय वंशाचे लोकप्रतिनिधी. पुढे इबाराकि प्रांतातल्या एका नामवंत सरकारी माध्यमिक शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. दुसऱ्या बाजूला, जुलै २०२५ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत ‘जपानी आधी’ अशी घोषणा देणाऱ्या सान्सेइतो पक्षाने १४ जागा जिंकल्या. निशि-कासाइतल्या घरांमध्ये या दोन्ही बातम्यांवर बोलणं झालं. मुलांना इथेच वाढवायचं का, हा त्या घरांमधला जुना प्रश्न आहे.

तोवर रोजचे दिवस चालू राहतात. महिन्यातून एक-दोनदा दारावर ‘काइरानबान’ येतो. पुठ्ठ्याच्या फळीला अडकवलेले मोहल्ल्याच्या मंडळाचे कागद असतात: १ सप्टेंबरच्या आपत्ती सरावाची वेळ, बदललेला कचऱ्याचा वार, उन्हाळी उत्सवासाठी हवे असलेले हात. वाचायचं, शेवटच्या कागदावर आपल्या घराच्या रकान्यात शिक्का उमटवायचा आणि फळी पुढच्या दारावर नेऊन द्यायची. नव्या माणसाच्या घरी ती पहिल्यांदा येते तेव्हा बऱ्याचदा दोन-दोन दिवस पडून राहते, कारण ती कशासाठी आहे हेच उमगत नाही. मग कोणीतरी शेजारीण येऊन सांगते, सोप्या शब्दांत, हातवारे करत. पुढच्या खेपेला कागदावरच्या काही ओळींवर पेन्सिलीने हिरागानात उच्चार लिहिलेले असतात. यादीत सातो, सुझुकि, तानाका यांचे गोल लाल शिक्के आणि त्यांच्या खाली कातकानात कोरून घेतलेला नवा शिक्का उमटतो: ‘रेरे’. शाई वाळेपर्यंत थांबून रेरे दाराशी येतात, बूट चढवतात आणि फळी घेऊन पुढच्या घराची घंटी वाजवतात.